काच तीच, रंग नवे

१९७५ साली मुंबई शहर आणि अंधेरी या दोन टेलिफोन एक्स्चेंजांमध्ये देशातली पहिली पीसीएम, म्हणजे पल्स कोड मॉड्युलेशन यंत्रणा सुरू झाली. त्या काळी फोन लागणं हीच मोठी गोष्ट होती. तो कशातून लागतो याची चौकशी कोण करणार! पण प्रकाशाच्या तंतूंतून आज जे काही धावतं, त्याची बाराखडी त्या यंत्रणेत होती. तोवर दोन एक्स्चेंजांमधल्या केबलमध्ये एका संभाषणाला तांब्याच्या तारांची एक जोडी खर्ची पडायची. शंभर जणांना एका वेळी बोलायचं असेल तर शंभर जोड्या. उपनगरं वाढत होती, रस्त्याखालचे पाइप भरत चालले होते. पीसीएमने काय केलं, तर दोन जोड्यांवर, एक जाणारी आणि एक येणारी, तीस संभाषणं बसवली.

ती बसली कशी हे नीट समजून घेण्यासारखं आहे. टेलिफोनवर माणूस ओळखू यावा, बोलणं कळावं, यासाठी ३४०० हर्ट्झपर्यंतचा आवाज पुरतो. असा आवाज सेकंदाला ८००० वेळा मोजला, की त्या मोजमापांवरून तो पलीकडे पुन्हा उभा करता येतो. प्रत्येक मोजमाप आठ बिटांत लिहायचं. म्हणजे एका माणसाच्या बोलण्याला सेकंदाला ६४,००० बिट लागले. आता दोन मोजमापांमध्ये १२५ मायक्रोसेकंद जातात, आणि आठ बिट पाठवायला त्याहून कितीतरी कमी वेळ पुरतो. उरलेला वेळ तार नुसतीच पडून. मग त्या १२५ मायक्रोसेकंदांचे ३२ हिस्से केले. तीस हिस्से तीस संभाषणांना दिले, एक दोन्ही टोकांचा ताळमेळ राखायला ठेवला आणि एक ‘घंटी वाजवा’, ‘फोन ठेवला’ अशा निरोपांसाठी. ३२ गुणिले ६४,००० म्हणजे सेकंदाला २०,४८,००० बिट. टेलिफोन खात्यातली जुनी माणसं अजूनही ‘टू-एमबी’ म्हणतात ते हेच.

अनेकांचे संदेश एका वाटेने न्यायचे आणि पलीकडे ते सरमिसळ न होता ज्याचे त्याला द्यायचे, याला मल्टिप्लेक्सिंग म्हणतात. वेळेची वाटणी करून ते केलं की टाइम डिव्हिजन मल्टिप्लेक्सिंग, म्हणजे टीडीएम. आवाज आकड्यांत बदलून पाठवण्याची कल्पना ॲलेक रीव्ह्‌ज या इंग्रज अभियंत्याने पॅरिसमध्ये काम करताना मांडली आणि १९३८ साली तिचं पेटंट घेतलं. व्हॉल्व्हच्या जमान्यात ती परवडण्यासारखी नव्हती. ट्रान्झिस्टर आल्यावर, १९६२ साली अमेरिकेत ती सार्वजनिक टेलिफोनसाठी पहिल्यांदा व्यवहारात आली. हेच रीव्ह्‌ज पुढे इंग्लंडमधल्या हार्लो इथल्या स्टँडर्ड टेलिकम्युनिकेशन लॅबोरेटरीजमध्ये होते आणि प्रकाशातून संदेश पाठवता येतील असा त्यांचा तिथे धोशा होता. त्याच प्रयोगशाळेत चार्ल्स काव आणि जॉर्ज हॉकॅम यांनी १९६६ साली तो प्रसिद्ध निबंध लिहिला, ज्यासाठी काव यांना २००९ साली नोबेल मिळालं.

काव यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं: काच प्रकाश गिळते हा काचेचा स्वभाव नाही, तो तिच्यातल्या लोहासारख्या अशुद्धींचा दोष आहे. त्या काढल्या तर किलोमीटरला २० डेसिबल एवढाच प्रकाश कमी होईल, आणि तेवढं झालं तरी टेलिफोनला पुरे. २० डेसिबल म्हणजे शंभरातला एक भाग उरणं. एका किलोमीटरनंतर एक टक्का प्रकाश हाती लागला तरी चालेल, इतकी माफक मागणी होती, आणि तेव्हाची चांगली काचही तिच्या जवळपास नव्हती. १९७० साली अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीच्या मॉरर, केक आणि शुल्ट्झ या तिघांनी १७ डेसिबलचा तंतू ओढून दाखवला. आज रस्त्याखाली असलेल्या साध्या तंतूत १५५० नॅनोमीटरच्या प्रकाशाची घट किलोमीटरला ०.२ डेसिबल आहे. काव यांनी एका किलोमीटरनंतर जेवढा प्रकाश मागितला होता, तेवढा आता शंभर किलोमीटरनंतर मिळतो.

भारतात पहिली ऑप्टिकल फायबर यंत्रणा सुरू झाली ती पुण्यात, १९७९ साली, स्थानिक एक्स्चेंजांना जोडण्यासाठी. पुणेकरांनी या पहिलेपणाची पाटी कुठे लावलेली नाही, हे जरा आश्चर्यच म्हणायचं.

प्रकाश काचेत कोंडून कसा राहतो याच्या खोलात जात नाही. इथे प्रश्न वेगळा आहे. गेल्या चाळीस वर्षांत एका तंतूतून जाणारी माहिती लाखो पटींनी वाढली. काच मात्र जवळजवळ तीच राहिली. बाहेरचा व्यास १२५ मायक्रॉन, आतला प्रकाश वाहणारा गाभा ९ मायक्रॉन. १९८०च्या दशकात ठरलेली ही मापं आजही तीच आहेत. मग वाढलं ते काय? वाढली ती दोन टोकांची कारागिरी. ती टप्प्याटप्प्याने कशी वाढली आणि एका टप्प्यावरचा दोष पुढच्या टप्प्यावर गुण कसा ठरला, ही या विषयातली खरी मजा आहे.

पहिली काही वर्षं सरळ होती. लेझर जलद उघडझाप करायचा, बस्स. टीडीएमचे हिस्से आणखी बारीक करायचे. १९८८ साली अटलांटिक महासागराखालून गेलेल्या टॅट-८ या पहिल्या फायबर केबलमध्ये एका जोडीवर सेकंदाला २८ कोटी बिट जात. जमिनीवरच्या यंत्रणा अडीच गिगाबिटांवर आल्या, मग दहा गिगाबिटांवर. दहा गिगाबिट म्हणजे एका तंतूत एक लाख वीस हजार टेलिफोन संभाषणं.

घोडं पेंड खायला लागलं ते इथे. दहा गिगाबिटांना एका बिटाला सेकंदाच्या अब्जांश भागाचाही दहावा हिस्सा मिळतो. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. तेवढ्या वेळात तो चालतो दोन सेंटिमीटर. म्हणजे तंतूत एकामागे एक दोन-दोन सेंटिमीटरचे प्रकाशाचे तुकडे चाललेले असतात. असला तुकडा कधीच एका शुद्ध रंगाचा नसतो. तुकडा जितका आखूड, तितके त्यात जास्त रंग मिसळलेले, हा निसर्गाचाच नियम आहे. आणि काचेत प्रत्येक रंगाचा वेग किंचित वेगळा असतो. पालखीबरोबर पुण्याहून दिंड्या अंतर राखून निघतात. दिवे घाट चढताना तरणे पुढे सरकतात, थकलेले मागे रेंगाळतात, आणि सासवड येईपर्यंत मागच्या दिंडीतले तरणे पुढच्या दिंडीतल्या म्हाताऱ्यांत जाऊन मिसळलेले असतात. बिटांचंही असंच होतं. याला डिस्पर्शन म्हणतात. वेग चौपट केला तर तुकडा चारपट आखूड होतो, त्याचं पसरणं चारपट वाढतं; दोन्ही मिळून फटका सोळापट. साध्या तंतूत दहा गिगाबिटांचा संदेश काही उपाय न करता साधारण ६० किलोमीटर टिकतो. चाळीस गिगाबिटांचा चारेक किलोमीटरमध्येच विसकटतो. नुसती उघडझाप वाढवत नेण्याची वाट इथे संपली.

दुसरी वाट सगळ्यांना आधीपासून दिसत होती. एका रंगाचा लेझर थकला असेल तर दुसरा रंग घाला, तिसरा घाला. प्रत्येक रंगावर स्वतंत्र दहा गिगाबिट. पलीकडे रंग वेगळे काढा. यालाच वेव्हलेंग्थ डिव्हिजन मल्टिप्लेक्सिंग म्हणतात, डब्ल्यूडीएम. हे रंग डोळ्याला दिसत नाहीत, सगळा कारभार अवरक्त किरणांचा आहे. पण टेलिकॉमवाले त्यांना रंगच म्हणतात. (दिसत नाही म्हणून कोणी चालू तंतूच्या टोकात डोकावू नये. डोळ्याला इजा होते आणि ती होताना कळतही नाही.)

कल्पना सोपी असली तरी हिशेब जमत नव्हता. पन्नास-ऐंशी किलोमीटर गेल्यावर प्रकाश क्षीण होतो. त्या काळी त्याला ताजं करण्याचा एकच मार्ग होता: प्रकाशाची वीज करायची, बिट वाचायचे, नव्या लेझरने पुन्हा पाठवायचे. एका रंगाला असा एक संच लागतो. सोळा रंग घातले तर प्रत्येक मुक्कामावर सोळा संच. यापेक्षा सोळा वेगळे तंतू घातलेले बरे, असं कोणीही म्हणेल.

गाठ सोडवली ती एर्बियम नावाच्या दुर्मीळ मूलद्रव्याने. १९८७ च्या सुमारास इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टन विद्यापीठात डेव्हिड पेन यांच्या गटाने आणि अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये एमॅन्युएल देसुर्व्हीर यांनी काचेच्या तंतूत एर्बियमचे अणू पेरून एक प्रवर्धक तयार केला. दहा-वीस मीटर तंतूचं एक वेटोळं, त्यात ९८० नॅनोमीटरचा एक साधा लेझर सोडायचा. त्याने एर्बियमचे अणू चेतवले जातात. मग थकलेला संदेश त्या वेटोळ्यातून गेला की प्रत्येक फोटॉन वाटेतल्या अणूंकडून आपल्यासारखाच दुसरा फोटॉन सोडवून घेतो. संदेश काय आहे, बिट किती वेगाने येतायत, रंग एक आहे की ऐंशी, याच्याशी या वेटोळ्याला काही देणंघेणं नसतं. सगळ्यांना एकदम बळ मिळतं. आणि निसर्गाची मेहेरबानी अशी की एर्बियम ज्या पट्ट्यात काम करतं, साधारण १५३० ते १५६५ नॅनोमीटर, नेमक्या त्याच पट्ट्यात काचेतली घट सगळ्यात कमी असते. हे कोणी जुळवून आणलेलं नाही. मूलद्रव्यांच्या तक्त्यात शोधायला बसलो असतो तरी याहून चपखल जोडी मिळाली नसती.

या पट्ट्याला सी-बँड म्हणतात. त्यात रंग कुठे कुठे बसवायचे याची आखणी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने करून दिली आहे. १९३.१ टेराहर्ट्झ हा पाया, आणि तिथून दोन्ही बाजूंना शंभर किंवा पन्नास गिगाहर्ट्झवर एकेक खूण. पन्नास गिगाहर्ट्झ म्हणजे तरंगलांबीत जेमतेम ०.४ नॅनोमीटर. एवढ्या दाटीत ऐंशी ते शहाण्णव रंग मावतात. पण लेझर तापला की त्याचा रंग सरकतो, एका अंशाला साधारण ०.१ नॅनोमीटर. चार अंश तापला की शेजाऱ्याच्या घरात. म्हणून करंगळीच्या पेराएवढ्या डबीत लेझरच्या खाली विजेवर चालणारा एक इवलासा शीतक असतो आणि तो लेझरचं तापमान अंशाच्या बारीक हिश्श्यापर्यंत धरून ठेवतो. नागपूरच्या मे महिन्यात एक्स्चेंजचा एसी बंद पडला की पहिल्यांदा घाम फुटतो तो या शीतकाला.

आता दोषाचा गुण होण्याची ती उलटापालट. साध्या तंतूत डिस्पर्शन शून्य होतं ते १३१० नॅनोमीटरला. घट कमी मात्र १५५० ला. १९८०च्या दशकातल्या काच-तज्ज्ञांना ही तफावत खटकली. त्यांनी गाभ्याची रचना बदलून शून्य डिस्पर्शन १५५० वर आणून ठेवलं. घटही कमी, पसरणंही नाही. जपानने हा सुधारित तंतू मोठ्या प्रमाणावर जमिनीत घातला.

आणि डब्ल्यूडीएम आलं. काचेतून पुरेशा ताकदीचे तीन रंग एकत्र चालले तर ते आपसात मिसळून चौथा रंग तयार करतात. समजा १९३.१, १९३.२ आणि १९३.३ टेराहर्ट्झ हे तीन चाललेत. १९३.२ अधिक १९३.३ वजा १९३.१ म्हणजे १९३.४. नेमका पुढच्या रंगाचा पत्ता. तिथे दुसऱ्याच कोणाचा तरी संदेश चाललेला असतो आणि हा आगंतुक त्याच्या डोक्यावर येऊन बसतो. रंग वेगवेगळ्या वेगाने चालत असतील तर ही खिचडी शिजायच्या आत फिसकटते. पण सुधारित तंतूत वेगांमधला फरकच काढून टाकलेला! सगळे रंग पावलाला पाऊल लावून चालतात आणि किलोमीटरगणिक भेसळ वाढत जाते. ज्यांनी जास्त पैसे मोजून चांगला तंतू घातला त्यांच्याच पदरात ही पीडा पडली. ज्यांनी जुना साधा तंतू ठेवला ते सुटले. काहींनी रंगांमधली अंतरं मुद्दाम असमान ठेवून वेळ मारून नेली. मग थोडंसं डिस्पर्शन जाणूनबुजून ठेवलेला तिसरा तंतू बाजारात आला. दोषाला थोडा मान देणारी ही तडजोड मला फार शहाणपणाची वाटते.

पण या तडजोडीचंही राज्य टिकलं नाही. २००८ नंतर कोहिरंट तंत्र बाजारात आलं आणि जुन्या साध्या तंतूला पुन्हा दिवस आले. आधीचा ग्राहक, म्हणजे टोकाला प्रकाश वाचणारं यंत्र, फक्त एवढंच बघायचा की प्रकाश आहे की नाही. म्हणजे तरंगाची एकच खूण वापरात होती. तरंगाला कला असते, म्हणजे तो चढतोय की उतरतोय. त्याला कंपनाची दिशा असते, आडवी किंवा उभी. कोहिरंट ग्राहक स्वतःच्या लेझरचा प्रकाश येणाऱ्या प्रकाशात मिसळून हे सगळं मोजतो. कलेच्या चार अवस्था म्हणजे दोन बिट. आडव्या आणि उभ्या कंपनांवर ते वेगवेगळे, म्हणजे एका ठोक्याला चार बिट. सेकंदाला तीसेक अब्ज ठोके धरले तर चुकांच्या दुरुस्तीचे बिट वजा जाता एका रंगावर शंभर गिगाबिट बसतात.

हा विचार १९८०च्या दशकातच झाला होता. एर्बियम प्रवर्धक आल्यावर त्याची गरज उरली नाही म्हणून बाजूला पडला. वीस-पंचवीस वर्षांनी तो परत आला याचं कारण चिप. प्रकाशाच्या तरंगाची सेकंदाला साठ अब्ज वेळा मोजणी करून त्यावर गणित करणारी चिप तोवर बनू लागली होती. ही चिप डिस्पर्शन उलट्या गणिताने पुसून टाकते, हजारो किलोमीटरचं सुद्धा. मग तंतूत डिस्पर्शन कशाला कमी करायचं? असू दे भरपूर, रंगांची भेसळ तरी टळेल. आज समुद्रात जाणाऱ्या नव्या तंतूंत साध्या तंतूपेक्षाही जास्त डिस्पर्शन असतं. ज्याला हाकलायला एक पिढी राबली, त्याला दुसरीने सन्मानाने आत घेतलं.

कंपनाची दिशा वाटेत सारखी फिरत राहते: तंतू तापला, वाकला, हलला, की फिरली. चिप तीही क्षणोक्षणी मोजून सरळ करते. या मोजणीतून एक अनपेक्षित लाभ झाला. लॉस एंजेलिसहून चिलीला जाणाऱ्या क्यूरी केबलमधल्या या नोंदी तपासून २०२० साली संशोधकांनी समुद्रतळाखालचे भूकंप ओळखले. केबलमध्ये त्यासाठी काहीही नवं बसवलं नव्हतं.

टोकं बदलून काच जुनीच ठेवण्याचं उत्तम उदाहरण मुंबईच्या किनाऱ्यावर आहे. सी-मी-वी-४ ही फ्रान्सपासून सिंगापूरपर्यंत जाणारी केबल २००५ साली सुरू झाली. मुंबई आणि चेन्नईला तिचे थांबे आहेत. लांबी सुमारे १८,८०० किलोमीटर आणि आत तंतूंच्या अवघ्या दोन जोड्या. एका जोडीवर ६४ रंग, एका रंगावर दहा गिगाबिट. दोन गुणिले चौसष्ट गुणिले दहा, म्हणजे १२८० गिगाबिट. २००८च्या जानेवारीत इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ ही केबल आणि तिच्या शेजारची फ्लॅग केबल तुटली, तेव्हा आपल्याकडचं इंटरनेट अनेक दिवस रखडलं होतं. पुढे याच केबलवर आधी चाळीस आणि मग शंभर गिगाबिटांचे रंग चढवले गेले. समुद्रात जहाज पाठवावं लागलं नाही. किनाऱ्यावरच्या खोलीतली कपाटं बदलली आणि समुद्रतळाशी पडलेल्या त्याच काचेतून कितीतरी पट माहिती जाऊ लागली.

ही सगळी मोठ्यांची दुनिया झाली. घरात येणारा तंतू वेगळ्याच काटकसरीने चालतो, आणि मला स्वतःला तोच जास्त आवडतो.

सोसायटीच्या जिन्यात काळी पेटी असते. तिच्यात बाहेरून एक तंतू येतो आणि बोटाएवढ्या नळीसारख्या स्प्लिटरमधून आठ, सोळा किंवा बत्तीस होऊन बाहेर पडतो. या स्प्लिटरला वीज लागत नाही, त्यात चिप नाही. तो फक्त प्रकाश वाटतो. बत्तीस वाटे केले की प्रत्येकाला पंधरा डेसिबलचा फटका बसतो. लांब पल्ल्याच्या तंतूत तेवढ्यासाठी पंचाहत्तर किलोमीटर जावं लागतं. इथे ते जिन्यातल्या जिन्यात होतं. घरचा तंतू एकच, पण त्यात दोन रंग: येणारा १४९० नॅनोमीटरचा, जाणारा १३१० चा. हे झालं डब्ल्यूडीएम. येणाऱ्या रंगावर सेकंदाला अडीच गिगाबिट असतात आणि ते सगळेच्या सगळे बत्तीसही घरांत पोचतात. शेजाऱ्याचा सिनेमा तुमच्याही घरातल्या राउटरच्या डब्यापर्यंत येतो. कुलूपबंद असल्यामुळे तुमचा डबा तो टाकून देतो आणि तुमचं तेवढं उचलतो.

परतीच्या वाटेवर जास्त शिस्त लागते. बत्तीस घरांनी एकदम बोलायला सुरुवात केली तर स्प्लिटरमध्ये नुसता गलका होईल. म्हणून एक्स्चेंजमधलं यंत्र प्रत्येक डब्याला बोलण्याची वेळ नेमून देतं. पण सगळे वाटे नेहमी एकाच इमारतीत होत नाहीत: एक घर एक्स्चेंजपासून दोन किलोमीटरवर, दुसरं आठ. किलोमीटरला पाच मायक्रोसेकंद, म्हणजे जाऊन-येऊन दहा. यंत्र आधी प्रत्येक डब्याला हाक मारतं, उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजतं, आणि जवळच्याला सांगतं की तू एवढे मायक्रोसेकंद थांबून बोलत जा. राउटर चालू केल्यावर हिरवा दिवा काही वेळ लुकलुकत राहतो आणि मग स्थिर होतो. त्या लुकलुकण्यात ही ओळखपरेड चालू असते.

लाल दिवा लागला की ‘फायबर कट’ समजून आपण तक्रार करतो. येणारा मुलगा आधी तंतूचं टोक काढून हातातल्या मीटरला लावतो. ‘-२२ आलंय, लाइन ओके आहे,’ असं म्हणाला तर दोष डब्यात. -२७ च्या खाली गेलं तर काम बाहेर. -२७ म्हणजे सुमारे दोन मायक्रोवॉट, वॉटचा पाच लाखावा हिस्सा. एवढ्या प्रकाशावर आपलं घर चालतं. मग तो जिन्यात उतरतो. कुठेतरी तंतू घासला असतो किंवा उंदराने कुरतडला असतो. मांडीवर जोडणीचं मशीन घेऊन तो तंतूवरचं रंगीत आवरण सोलतो, अल्कोहोलने पुसतो, कटरच्या पात्याने टोक काटकोनात तोडतो. दोन टोकं मशीनमध्ये समोरासमोर ठेवली की पडद्यावर दोन दांडे दिसतात, जवळ सरकतात, ठिणगी पडते आणि मधली रेघ नाहीशी होते. पडद्यावर ०.०२ असा आकडा येतो: या जोडात एवढे डेसिबल गेले. नऊ मायक्रॉनचा गाभा एका मायक्रॉनने जरी बाजूला बसला असता तरी हा आकडा कित्येक पट झाला असता. जोडावर नळी चढवून तापवायची आणि पुढचा तंतू घ्यायचा. निळा, केशरी, हिरवा, तपकिरी हा रंगांचा क्रम त्याला झोपेतही विचारला तरी येतो. उन्हात, धुळीत, डोक्यावर छत्री धरून हे मायक्रॉनचं काम करणाऱ्यांचं कौतुक मात्र आपल्याकडे कोणी केल्याचं ऐकिवात नाही.

आता पुढे काय? क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली दाखवून दिलं की कोणत्याही वाटेची एक कमाल मर्यादा असते, ती गोंगाटावर आणि संदेशाच्या ताकदीवर ठरते. मग ताकद वाढवावी? तांब्यात, हवेत ते चालतं. काचेत ताकद वाढवली की काचेचाच गुणधर्म बदलतो, रंग एकमेकांना बिघडवू लागतात आणि गोंगाट वाढतो. म्हणजे आगीतून फुफाट्यात. आज चारशे गिगाबिटांचे चौसष्ट रंग धरले तर सी-बँडमधून पंचवीस टेराबिटांच्या आसपास जातात आणि ते छताला टेकत आलेत. नवे पट्टे उघडणं हा एक उपाय आहे. २०२४ साली जपानच्या एनआयसीटी या संस्थेने इतर देशांतल्या सहकाऱ्यांसह सी-बँडच्या बाहेरचेही पट्टे वापरून साध्या तंतूतून पन्नास किलोमीटरवर सेकंदाला ४०२ टेराबिट पाठवून दाखवले. पण प्रत्येक पट्ट्याला वेगळा प्रवर्धक लागतो आणि एर्बियमसारखा मित्र प्रत्येक पट्ट्याला मिळालेला नाही.

दुसरा उपाय ऐकून थोडं हसू येईल: जास्त तंतू घाला. याला स्पेस डिव्हिजन मल्टिप्लेक्सिंग असं भारदस्त नाव आहे. एका तंतूत अनेक गाभे ओतण्याचे प्रयोग चालू आहेत. समुद्रात मात्र सरळ जोड्या वाढवल्या जातात. समुद्रातल्या प्रवर्धकांना वीज किनाऱ्यावरून, केबलमधल्याच तांब्यातून, हजारो व्होल्टने द्यावी लागते आणि तिला मर्यादा आहे. ती वीज दोन जोड्यांवर उधळण्यापेक्षा बारा जोड्यांत थोडी थोडी वाटली तर एकूण माहिती जास्त जाते, हे गणित लक्षात आल्यावर २०२१ साली सुरू झालेल्या ड्यूनाँ केबलमध्ये बारा जोड्या आल्या. मुंबईला फाटा असलेल्या टू-आफ्रिका केबलच्या रचनेत सोळापर्यंत आहेत. पन्नास वर्षं एका वाटेत जास्तीत जास्त कोंबण्यात गेली आणि आता पुन्हा वाटा वाढवण्याची पाळी आली.

वाटा वाढवायला काच आपल्याकडे भरपूर आहे. छत्रपती संभाजीनगरच्या शेंद्रा आणि वाळूज इथे स्टरलाइट कंपनी काचेचे दांडे घडवते आणि दोनेक हजार अंश तापवून त्यांचे तंतू ओढते. महाग असतं ते खोदकाम, परवानग्या, रस्ता पूर्ववत करणं आणि मजुरी.

म्हणून तुमच्या सोसायटीत किंवा ग्रामपंचायतीत फायबर घालायचा विषय निघाला तर कोणती कंपनी किती एमबीपीएस देणार यावर सगळी सभा खर्ची घालू नका. तो आकडा डब्यावर ठरतो आणि डबा चार-पाच वर्षांत बदलणारच आहे. चार तंतूंच्या जागी बारा तंतूंची केबल मागा. जिन्यातल्या वळणांसाठी जी.६५७ जातीचा, सात-आठ मिलिमीटरच्या वळणातही प्रकाश न सांडणारा तंतू मागा. शेजारी एक रिकामा पाइप टाकून ठेवा, आणि कोणता तंतू कुठे जातो याचा कागद कमिटीच्या फाइलमध्ये लावा. कंत्राटदार म्हणेल, एवढ्याची गरज नाही. त्याचं ऐकू नका.